दोन कुलपं, एक जुडगा

सोमवारी सकाळी दहाच्या सुमारास आमच्या चर्चच्या, म्हणजे धर्मग्रामाच्या ऑफिसात दानपेटी उघडते. टेबलावर जुनी चादर अंथरायची, पेटी तिच्यावर उपडी करायची आणि तिघाचौघांनी वेचायला बसायचं. नाणी एकीकडे, नोटा एकीकडे. सहा वर्षं मी त्या टेबलाशी बसलो. बँकेतून निवृत्त झालेल्या माणसाला चर्चमध्ये दुसरं काम कोण देतो? दहाची नोट बहुतेक वेळा चौपदरी घडी घातलेली असते. ती उलगडून, कोपरे सरळ करून गड्डीत बसवायला वेळ जातो, आणि पेटीत अशाच नोटा जास्त. नोव्हेनाच्या, म्हणजे नऊ दिवसांच्या प्रार्थनेच्या, दिवसांत आहेराची पाकिटंही निघतात, वर एक रुपयाचं नाणं चिकटवलेलं. एकदा एका पाकिटावर गणपती होता. आत पन्नासची नोट आणि वहीच्या कागदाची चिठ्ठी: ‘मुलाला अंबडच्या कंपनीत पर्मनंट होऊ दे.’ चिठ्ठी वेदीपाशी ठेवायला सिस्टरांकडे दिली. रुपया काढायचा तर पाकीट फाडावं लागणार आणि गणपती मधोमध. कुणाचा हात होईना. शेवटी हिशेबात एक्कावन्न लिहिले, तो एक रुपया मी माझ्या खिशातून घातला, आणि पाकीट तसंच खणात ठेवलं.

त्या पेटीला दोन कुलपं आहेत. एक किल्ली फादरांकडे, दुसरी अर्थसमितीच्या एका सभासदाकडे. दोघं हजर असल्याशिवाय पेटी उघडायची नाही. बँकेत तिजोरीला हाच नियम असतो, जॉइंट कस्टडी. माझ्या पहिल्या सोमवारी मी दुसरी किल्ली मागितली, तर दोन्ही किल्ल्या एकाच जुडग्यात निघाल्या आणि जुडगा फादरांच्या टेबलाच्या खणात. यात कुणाची लबाडी नव्हती. फादर सरळ माणूस, पै-पैची पावती फाडणारे. आधीच्या सभासदाने किल्ली आपणहून परत दिली होती. ‘दर सोमवारी कुठं येत बसू, फादर? तुम्हीच ठेवा.’

मला जे म्हणायचं आहे ते या जुडग्याबद्दल आहे. धर्मग्रामाचा सगळा कारभार आपण एका माणसाच्या खणात ठेवून मोकळे झालो आहोत, आणि त्याचं वर्षाचं एक पानसुद्धा चर्चमध्ये कधी वाचलं जात नाही. ते वाचलं जावं. मंदिराचं (चर्चच्या वास्तूला आम्ही मंदिरच म्हणतो), हॉलचं आणि शाळेचंही.

बाहेरच्या वाचकासाठी दोन शब्द. धर्मग्राम म्हणजे पॅरिश. एका चर्चशी जोडलेली कॅथलिक कुटुंबं, त्यांच्यासाठी बिशपांनी नेमलेला प्रमुख धर्मगुरू, आणि बहुतेक ठिकाणी त्याच आवारात शाळा, हॉल, सिस्टरांचं कॉन्व्हेंट. महाराष्ट्रात २०११च्या जनगणनेनुसार ख्रिस्ती लोक एक टक्क्याहूनही थोडे कमी, सुमारे १० लाख ८० हजार, आणि त्यातही सगळे कॅथलिक नाहीत. नाशिक धर्मप्रांत पुण्यापासून वेगळा झाला १९८७ साली. थॉमस भालेराव हे पहिले बिशप. नाशिक, नगर (आता अहिल्यानगर), धुळे, जळगाव, नंदुरबार असे पाच जिल्हे त्यात येतात. नाशिकरोडच्या बाळ येशूच्या यात्रेमुळे फेब्रुवारीत आम्ही शहराला दिसतो. एरवी शहराला आमची शाळा तेवढी माहीत असते. ‘कॉन्व्हेंटला ॲडमिशन होईल का हो?’ एवढ्यापुरती आमची ओळख.

आमच्यातही आम्ही एकसारखे नाही. मराठी मिस्साला, म्हणजे रविवारच्या मराठी उपासनेला, येणारी बरीच कुटुंबं नगर जिल्ह्यातून आलेली. राहुरी, राहाता, संगमनेर, श्रीरामपूर. माझे वडील त्यांतलेच. नाशिकरोडच्या सरकारी छापखान्यात, प्रेसमध्ये लागले आणि इथलेच झाले. इंग्रजी मिस्साला गोव्याची, मंगळूरची, केरळची माणसं जास्त. पेटी मोजणाऱ्याला हे न सांगता कळतं. इंग्रजी मिस्साच्या कलेक्शनमध्ये नोटा, मराठीच्या कलेक्शनमध्ये नाणी. चर्च बांधलं तेव्हा मात्र उलट होतं. रविवारच्या मिस्सानंतर वडील आणि त्यांच्या पाळीतले लोक कोट-सदरे खुंटीला लावून घमेली वाहायचे. त्या मजुरीची पावती कुणी फाडली नाही. आज प्रॉपर्टी कार्ड काढलं तर त्यावर ट्रस्टचं नाव आहे, आणि तेच बरोबर आहे, कारण घमेलं वाहणाऱ्यांची नावं कार्डावर चढवायची म्हटली तर कार्ड पुरणार नाही. पण ज्यांनी घमेली वाहिली त्यांच्या नातवंडांना छताच्या दुरुस्तीला किती लागले हे विचारताना अपराध्यासारखं वाटावं, हे मला पटत नाही.

फादरांचा एक दिवस सांगतो. जूनचा, गुरुवार. साडेसहाची मिस्सा. आठला शाळेच्या फाटकाशी उभं राहायचं, कारण रिक्षावाले आणि व्हॅनवाले यांचं भांडण रोजचं. नऊला शिक्षणाधिकारी कार्यालयाचं पत्र: संचमान्यतेत, म्हणजे पटावरून शिक्षकांची पदं ठरवण्यात, मराठी विभागाचं एक पद कमी होतंय, पटाची माहिती पुन्हा भरा. दहाला एका नगरसेवकाचा माणूस चिठ्ठी घेऊन. अकराला एका म्हातारीचा निरोप, सिव्हिलमध्ये नवरा शेवटच्या घटका मोजतोय, तैलाभ्यंगाला, आजाऱ्याला पवित्र तेल लावायला या. तिथून परत येतात तोवर हॉलच्या बुकिंगवाले दोघं समोरासमोर, एकाच तारखेला एकाचं लग्न आणि दुसऱ्याचं बारसं. रजिस्टरमध्ये दोघांचीही नावं, एक पेनने, एक पेन्सिलीने. दुपारी बोअरवेलची मोटर जळालेली. चारला लग्नाच्या मुलामुलीची चौकशी. सहाला कबरस्तानाच्या भिंतीपाशी कुणी राडारोडा टाकलाय म्हणून फोन. रात्री वॉर्डातल्या लघुसमुदायाची प्रार्थना, तिथे चहा घेतल्याशिवाय सुटका नाही. या माणसाने धर्मशास्त्र शिकायला आयुष्याची कैक वर्षं घातली आहेत. मोटर रिवाइंड करून घ्यायची की नवी, हे ठरवायला तो सेमिनरीत गेला नव्हता.

आणि पाचसहा वर्षांनी बदली. नवे फादर येतात तेव्हा त्यांना जुडगा मिळतो. कुठली किल्ली कुठली ते शिपाई सांगतो. कुठल्या ठेवीची मुदत कधी संपते ते कधीकधी कुणीच सांगत नाही.

आता यात बंडखोरी काहीच नाही, हे आधी नीट मांडतो, कारण ‘हिशेब’ म्हटलं की आमच्याकडे काही जणांच्या कपाळाला आठ्या पडतात. १९८३ साली लागू झालेला चर्चचा कॅनन लॉ आहे. त्यातलं ५३७वं कलम सांगतं की प्रत्येक धर्मग्रामात अर्थसमिती असलीच पाहिजे. धर्मग्राम परिषद, जिला आपण पॅरिश कौन्सिल म्हणतो, ती बिशपांना योग्य वाटलं तर. अर्थसमिती मात्र सक्तीची. १२८३वं कलम म्हणतं, कारभार हाती घेताना स्थावर-जंगम वस्तूंची यादी करा. १२६७वं म्हणतं, ज्या कारणासाठी दान दिलं त्याच कारणासाठी वापरा. आणि १२८७वं म्हणतं, श्रद्धावंतांनी दिलेल्या दानाचा हिशेब श्रद्धावंतांना द्या. कसा द्यायचा ते स्थानिक नियमाने ठरवा. नंतर पोप फ्रान्सिस यांनी बोलावलेली धर्मपरिषद, सिनड, ऑक्टोबर २०२४मध्ये संपली. तिच्या शेवटच्या दस्तऐवजात तर स्पष्टच आहे: वार्षिक हिशेब तयार करा, शक्य तिथे बाहेरच्या ऑडिटरकडून तपासून घ्या, आणि लोकांपर्यंत पोहोचेल अशा रीतीने प्रसिद्ध करा. रोमला जे चालतं ते आमच्या नोटीस बोर्डला का चालू नये?

सल्ला देणारी समिती ही सल्लाच देणार, निर्णय फादरांचा, हे मला मान्य आहे. पॅरिशची ग्रामपंचायत व्हावी असं मला अजिबात वाटत नाही. मी ग्रामपंचायती पाहिल्या आहेत. निवडणुकीने कारभारी नेमणाऱ्या आमच्या शेजारपंथांतल्या काही मंडळ्यांत मिळकतीचे दावे पिढ्यान्‌पिढ्या कोर्टात पडून आहेत, दोन्ही बाजू बायबल घेऊन. मला मत नको, कागद हवा.

शाळेकडे येतो, कारण खरी गाठ तिथे आहे.

आवार एक, फाटक एक. सोमवार ते शनिवार मैदान शाळेचं, रविवारी तेच चर्चचं पार्किंग. चर्चचा हॉल परीक्षेच्या दिवसांत शाळेचा होतो. बरीच वर्षं विजेचं मीटरही एक होतं. बिल आलं की दोन तृतीयांश शाळेने आणि एक तृतीयांश चर्चने भरायचं, असा कुणीतरी कधीतरी ठरवलेला अंदाज. अर्थसमितीत मी हट्ट धरून सबमीटर बसवून घेतले. पहिल्या दोन महिन्यांतच दिसलं की बागेच्या पाण्याचा पंप शाळेच्या लाइनवर आहे. म्हणजे फादरांच्या गुलाबांना इतकी वर्षं सिडकोतल्या कुठल्याशा पालकाच्या फीचं पाणी जात होतं. रक्कम अगदी किरकोळ. फादर स्वतः हसले आणि म्हणाले, आता फुलं शाळेच्या ऑफिसात ठेवत जाऊ. पण रक्कम किरकोळ होती हे आम्हाला कळलं ते मोजल्यावर. न मोजता ‘किरकोळच असेल’ म्हणणं, याला माझ्या जुन्या धंद्यात वेगळा शब्द होता.

शाळेचा पैसा एका जातीचा नसतो. मराठी विभाग अनुदानित. शिक्षकांचे पगार सरकारकडून थेट खात्यावर येतात. इंग्रजी विभाग विनाअनुदानित. तिथे सगळं फीवर. फी देणाऱ्यांत आमची मुलं मूठभर, बाकी सगळ्या जातिधर्मांची. त्या फीतून चर्चचं छत होऊ नये, आणि चर्चच्या पेटीतून शाळेची बस घेतली जाऊ नये. आपल्याकडे या दोन्ही गोष्टी ‘शेवटी एकच काम आहे’ असं म्हणून होऊ शकतात. तसं ते नाही. गणपतीच्या पाकिटातले पन्नास रुपये एका आईने नवसाला दिलेत. एका बापाने दर तिमाहीला भरलेली फी वर्ग, शिक्षक आणि प्रयोगशाळेसाठी आहे. देणाऱ्याने कशासाठी दिलं, हे पैशाबरोबरच येतं.

आणि इथे एक गंमत आहे. महाराष्ट्रात २०११चा शुल्क नियमन कायदा आहे. फी ठरवायची तर पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीपुढे जावं लागतं, तिच्यावर चिठ्ठ्या टाकून निवडलेले पालक असतात. माझ्या शेजारच्या सोसायटीतले एक गृहस्थ, दर चतुर्थीला उपास करणारे, त्या समितीवर होते. त्यांनी शाळेचा खर्च ओळ न ओळ पाहिला, डिजिटल बोर्डाच्या रकमेवर हरकत घेतली आणि ती मान्यही झाली. जिन्यात भेटले की मला सांगायचे, तुमच्या शाळेचं बजेट चांगलं असतं हं, नेटकं. मी मान हलवायचो. त्यांना आमच्या शाळेबद्दल जितकं विचारता येतं तितकं मला माझ्या चर्चबद्दल विचारता येत नाही. शिर्डीच्या दानपेटीत कुठल्या सणाला किती जमले ते पेपरात येतं, मी चहाबरोबर वाचतो. ज्या मंदिरात माझा बाप्तिस्मा झाला तिथल्या नाताळचं कलेक्शन मला ठाऊक होतं ते केवळ मी मोजायला बसत होतो म्हणून.

शाळेबाबत आमचा मोठा आधार म्हणजे राज्यघटनेचं ३०वं कलम. अल्पसंख्याकांना आपल्या पसंतीच्या शिक्षणसंस्था काढण्याचा आणि चालवण्याचा हक्क. तो अमोल आहे आणि तो टिकला पाहिजे. पण १९५८ साली केरळ शिक्षण विधेयकाच्या प्रकरणातच सर्वोच्च न्यायालयाने सांगून ठेवलं आहे की चालवण्याच्या हक्कात गैरकारभाराचा हक्क येत नाही. २०१४च्या निकालाने अल्पसंख्याक शाळांना शिक्षण हक्क कायद्यातून वगळलं. म्हणजे दुर्बल घटकांसाठीच्या २५ टक्के जागा आमच्यावर बंधनकारक नाहीत. सप्टेंबर २०२५मध्ये त्याच न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींनी त्या निकालाबद्दल शंका व्यक्त करून तो प्रश्न मोठ्या पीठाकडे नेण्यासाठी पाठवला आहे. निकाल काय लागायचा तो लागो. माझा प्रश्न कोर्टातला नाही. ही सूट आपल्याला समाज म्हणून मिळाली, तर तिचा लाभ आपल्यातल्या कुणाला झाला?

कारण आमच्यातला सगळ्यात गरीब कोण, हे आम्हाला पक्कं माहीत आहे. नगरकडून आलेल्या कुटुंबांत दलित ख्रिस्ती पुष्कळ. १९५०च्या राष्ट्रपतींच्या आदेशामुळे ते अनुसूचित जातीच्या यादीबाहेर आहेत. पाणवठ्यावरचा भेद धर्म बदलल्यावर गावाने सोडला नाही, सवलत मात्र सरकारने सोडली. कॅथलिक बिशपांच्या राष्ट्रीय परिषदेने २०१६मध्ये दलित सबलीकरणाचं धोरण जाहीर केलं आहे. आता सातपूरला वॉचमन असलेल्या, मराठी मिस्साला शेवटच्या बाकावर बसणाऱ्या बापाचं पोर घ्या. ते आमच्या इंग्रजी विभागात आहे का? असेल तर त्याची फी कोण भरतं? मराठी विभागाचा पट घसरतोय, पद कमी होतंय. त्या विभागाचं पाच वर्षांनी काय करायचं ठरलंय? याची उत्तरं चांगलीही असतील. मला दोन घरं माहीत आहेत जिथली फी एका फादरांनी गाजावाजा न करता माफ केली. पण माफी आणि धोरण यांत फरक असतो. माफी फादरांच्या बदलीबरोबर जाते, आणि ती मागायला बापाला ऑफिसच्या बाहेर टोपी हातात घेऊन उभं राहावं लागतं. वर्षाच्या पानावर ‘धर्मग्रामातील मुलांची फी सवलत: इतकी मुलं, इतके रुपये’ अशी नावाविना एक ओळ आली की त्या बापाला निदान कळेल की असं काही असतं.

आणखी एक. शाळेचा व्यवस्थापक, पॅरिशचा प्रमुख आणि कुणाही शिक्षकाच्या आत्म्याचा मेंढपाळ, हे तिन्ही एकच गृहस्थ असतील, तर नोकरीबद्दल तक्रार असलेल्या कॅथलिक शिक्षिकेने जायचं कुठे? १९७७च्या कायद्याने खासगी शाळांच्या कर्मचाऱ्यांना शाळा न्यायाधिकरण दिलं आहे, कागदावर दार उघडं आहे. पण ज्यांच्या हातून रविवारी ख्रिस्तशरीर, म्हणजे मिस्साची पवित्र भाकर, घ्यायचं त्यांच्याविरुद्ध सोमवारी अर्ज करणं किती जणींना जमतं? या दोन खुर्च्यांवर दोन माणसं बसवली, तर फादरही सुटतील.

आता विरोधात जे म्हटलं जातं त्यातलं एक मला गंभीरपणे घ्यावं लागतं. दिवस बरे नाहीत, असं आमचे लोक म्हणतात. आकडा बाहेर गेला की कुणीतरी त्याचा फोटो काढून फिरवील, ‘मिशनऱ्यांचा पैसा’ म्हणून बोंब होईल. ही भीती पोकळ नाही. प्रार्थनेला बसलेल्या घरापुढे लोक जमा होतात तेव्हा काय वाटतं ते मला माहीत आहे. तरीही विचार करा. ट्रस्टचे हिशेब दरवर्षी धर्मादाय आयुक्तांकडे जातात. विश्वस्त बदलला तरी तिथे बदल अर्ज करावा लागतो, जमीन विकायची तर १९५०च्या न्यास कायद्याखाली त्यांची परवानगी लागते. आयकर खात्याला विवरणपत्र जातं. परदेशातून देणगी येत असेल तर ती २०२०च्या दुरुस्तीपासून दिल्लीच्या स्टेट बँकेच्या एकाच शाखेत उतरते. सरकारला ती आपल्याआधी दिसते. शाळेचा खर्च शिक्षण खात्याला आणि पालकांना दिसतो. मग हे सगळं कुणापासून लपलेलं आहे? जो बाकावर बसून पेटीत टाकतो त्याच्यापासून. आणि त्याला माहीत नसल्यामुळे बाहेर कुणी वाटेल तो आकडा फेकला, तर तो खोडून काढायला त्याच्याकडे काही नसतं. नाक्यावर मला एकदा एकाने विचारलं, तुम्हाला अमेरिकेतून महिन्याला किती येतात? मी पेटीतल्या दहाच्या नोटांबद्दल सांगितलं. त्याचा विश्वास बसला नाही. माझ्याजवळ दाखवायला कागद नव्हता.

पेठ-सुरगाण्याकडच्या छोट्या मिशन केंद्रांत वाचायला विशेष काही नसतं, हेही खरं. ती बाहेरच्या मदतीवर चालतात, त्यांचं पान अर्धंच भरेल. अर्धं तर अर्धं.

पण सगळा दोष खणात ठेवून चालणार नाही. किल्ली परत कुणी दिली? आम्हीच. पॅरिश कौन्सिलवर नाव लागावं म्हणून धडपडणारे, सणाच्या दिवशी पहिल्या बाकावर जागा राखणारे, आणि सोमवारी दहाला मोजायला या म्हटलं की ज्यांचे गुडघे दुखतात असे आम्ही. अर्थसमितीत आम्ही पाच जण होतो, पाचही पुरुष, पाचही निवृत्त. त्याच पॅरिशमध्ये रविवारचं धर्मशिक्षण शिकवणाऱ्या एक सोडून सगळ्या बाया. आजाऱ्यांच्या घरी जाणाऱ्या बाया. वेदीची चादर धुणाऱ्या, फुलं रचणाऱ्या बाया. २०२१च्या जानेवारीत पोप फ्रान्सिस यांनी वाचक आणि वेदीसेवक ही पदं रीतसर स्त्रियांना खुली केली, पण आमच्या समितीत घराचा महिना पंधरा हजारांत भागवणारी एक बाई आणावी, हे सहा वर्षांत मलाही सुचलं नाही. आज लाज वाटते. पंपाचं कनेक्शन तिने पहिल्याच महिन्यात पकडलं असतं.

सामान्य माणसांना जमत नाही, असं मात्र कुणी म्हणू नये. बाळ येशूच्या यात्रेला मी तरुणपणी स्वयंसेवक होतो, पार्किंगच्या चिठ्ठ्या द्यायला. मुंबई-वसईच्या, गोव्याच्या गाड्या, पुणे रोडवर माणसंच माणसं, मेणबत्त्यांचा धूर, हरवलेली पोरं, आणि निम्म्याहून जास्त गर्दी अशी जिला आपण ख्रिस्ती म्हणत नाही. तिथे कोण उभं होतं? प्रेसचे कामगार, रिक्षावाले, कॉलेजची पोरं, नर्सा. कुणी आम्हाला पदं दिली नव्हती. पट्टी दिली होती, दंडाला बांधायची.

एक वर्ष आम्ही ते पान लावलं. फादरांनी दोन दिवस विचार केला आणि म्हणाले, लावा. एक ए-फोर कागद, मराठीत, मोठ्या अक्षरात. वर तीन मथळे: मंदिर, हॉल, शाळेकडून येणं-देणं. खाली गेल्या वर्षी ठरवलेलं काय झालं नाही, त्याच्या दोन ओळी. मराठी मिस्सानंतर मीच वाचून दाखवलं. सहा मिनिटं लागली. भूकंप झाला नाही. लोक बोर्डापाशी थांबले, चष्मे बदलून वाचलं. एकच प्रश्न आला, शेवटच्या बाकावरून, एका मावशींचा: ‘फुलांना एवढे? आमच्या गिरणाऱ्याच्या मळ्यात झेंडू कुजतोय.’ पुढच्या महिन्यापासून वेदीवर झेंडू आला. इंग्रजी मिस्साच्या काही जणांना झेंडू आवडला नाही, त्यावर वेगळी बैठक घ्यावी लागली. आणि पुढच्या वर्षी हॉलच्या पत्र्यांसाठी मागितले त्याहून जास्त जमले. ते पानामुळेच जमले असं मी म्हणणार नाही, त्या वर्षी पाऊसही आत आला होता.

मग फादरांची बदली झाली, माझी मुदत संपली. नवे फादर तरुण आहेत, दमलेले दिसतात. पान लागलं नाही. त्यांनी नाही म्हटलं नाही. त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं की असं एक पान असतं.

म्हणून गेल्या आठवड्यात मी साधा अर्ज दिला. ऑडिटरची सही झाली की एक पान बोर्डावर लावावं आणि मिस्सानंतर वाचावं. अर्थसमितीत किमान दोन महिला असाव्यात. शाळेची व्यवस्था पाहायला फादरांव्यतिरिक्त वेगळी व्यक्ती नेमण्याबद्दल धर्मप्रांताकडे विचारणा व्हावी. आणि पेटीची दुसरी किल्ली जुडग्यातून काढून ज्या कुणाला द्यायची त्याला सही घेऊन द्यावी. फादरांनी उभ्याउभ्या वाचला, चहा सांगितला. मी दुसरी प्रत पुढे केली आणि पोच मागितली. ते हसले, शिक्का शोधायला खण उघडला. आधी जुडगा बाहेर आला, मग गणपतीचं ते पाकीट, आणि त्याच्याखाली शिक्का.